शेजाऱ्यांचा कॅमेरा

“अहो अहो, मोडाल तो!”

हिरामात्सुसानशी मी बोललेलं पहिलं वाक्य हे. नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम अंगावरच.

नोव्हेंबरातली सकाळ होती. दुकान उघडायला वीस मिनिटं होती. बाहेर कानाझावाची ती न थांबणारी रिपरिप, आणि आत तिसऱ्या मजल्यावर अजून अर्धेच दिवे लागलेले. मी जिना चढून आले तर माझ्या काउंटरपाशी एक उंच माणूस खांदे पाडून उभा. अंगात मरून जाकीट, हातात माझा कॅमेरा. बाजूला काढून ठेवलेली लेन्स त्याला बसवायची होती आणि पठ्ठ्या ती उजवीकडे पिळत होता... जोर लावून!

“आमची लेन्स डावीकडे फिरते,” मी कॅमेरा जवळजवळ हिसकावूनच घेतला. “तुमची उजवीकडे, आमची डावीकडे. अशी. बघा.”

खट् झालं.

“माफ करा,” तो दोनदा कमरेत वाकला. “उघडा कॅमेरा धूळ खाईल म्हणून लावायला गेलो. हातच ऐकेना. नऊ वर्षं उजवीकडे फिरवतोय ना...”

“मग आपल्या बाजूचे फिरवा की. एवढे मांडलेत.”

तो हसला. हसताना त्याचा एक डोळा जरा जास्त मिटायचा. हे मला त्याच दिवशी दिसलं आणि का दिसलं म्हणून मी दिवसभर स्वतःवर चिडून होते.

आमच्याकडे मोठ्या दुकानांत कॅमेरा कंपन्या आपापली माणसं उभी करतात. जागा दुकानाची, पगार कंपनीचा, जाकीट कंपनीच्या रंगाचं. माझं हिरवं, त्याचं मरून. मधे सहा फुटांची वाट. एक रीत मात्र सगळीकडे सारखी – समोरच्या कंपनीचं नाव गिऱ्हाइकापुढे घ्यायचं नाही, वाईट तर बोलायचंच नाही. अगदीच वेळ आली तर ‘शेजारी’ म्हणायचं. ‘शेजाऱ्यांकडेही चांगला आहे हो, पण आमचा बघा ना...’ असं. त्यामुळे हिरामात्सुसान पहिल्याच आठवड्यात माझे शेजारी झाले आणि मी त्यांची शेजारीणबाई.

“शेजारीणबाई, आज तोंड एवढं का पडलंय?”

“आभाळ बघा बाहेर. त्याच्याखाली राहून कुणाचं वर असणार?”

“मी ओकायामाचा. आमच्याकडे ऊन असतं.”

“मग इथे कशाला आलात मरायला?”

“कंपनीने पाठवलं,” तो काच पुसता पुसता म्हणाला. “आता बरं केलं असं वाटायला लागलंय...”

मी लगेच पाठ फिरवून बॅटऱ्या मोजायला लागले. बॅटऱ्या सहाच होत्या. तरी मी त्या तीनदा मोजल्या.

एक गंमत सांगते. आम्हाला कधी बरोबर जेवायला मिळालं नाही. दोघांपैकी एक जण कायम मजल्यावर हवा, म्हणून मी साडेबाराला जायची आणि मी आले की तो. पण डिसेंबर लागला तसं विश्रांतीच्या खोलीतल्या फडताळात माझ्यासाठी मक्याच्या सुपाचा गरम डबा असायला लागला. खालच्या नाणी टाकायच्या यंत्रातून काढून रुमालात गुंडाळलेला. आधी खाली जाऊन, धावत वर येऊन, तो हे कधी करायचा देव जाणे. मी त्याच्यासाठी संत्री ठेवायची. एकदा सालीवर पेनाने लिहिलं, ‘आंबट आहे, तुमच्या विनोदांसारखं.’ दुसऱ्या दिवशी ती साल त्याच्या जाकिटाच्या खिशात वाळत होती. मी पाहिलं. पाहिलं नाही असं दाखवलं.

आणि मग काजिबाई आल्या.

सत्तरीच्या. निवृत्त शिक्षिका. ओली छत्री नीट घडी घालून, पिशवीत घालून, मग बोलायला सुरुवात करणाऱ्या. त्यांना कॅमेरा हवा होता. नवऱ्याला विसरायचा आजार झाला होता, तो अजून ओळखतो आहे तोवर त्यांना त्याला साठवून ठेवायचं होतं.

मी मन लावून दाखवलं. फोटोत आमचा हात कुणी धरणार नाही. त्वचेचा रंग, डोळ्यांतली चमक, सगळं जिवंत उतरतं. बाई ऐकत होत्या, मान हलवत होत्या. मग हळूच म्हणाल्या, “एक विचारू? ते आंघोळीला गेले की गुणगुणतात. शब्द विसरलेत, पण चाल अजून... ते यात येईल?”

येईल, मी म्हणू शकले असते. आमच्या कॅमेऱ्यात व्हिडिओ होतोच की! पण आवाज कसा येतो ते मला ठाऊक होतं – डब्यातून आल्यासारखा. आणि समोर, सहा फुटांवर, व्हिडिओत ज्यांना तोड नाही ती मंडळी उभी होती.

“काजिसान,” मी म्हटलं, “तुम्हाला शेजाऱ्यांचा घ्यायला हवा.”

हिरामात्सुसानने मान वर केली. चार वर्षं मी त्या मजल्यावर उभी होते, पण आपलं गिऱ्हाईक हाताला धरून कुणी पलीकडे नेऊन सोडलेलं मी पाहिलं नव्हतं. तो काउंटरमागून पुढे आला. बाईंना कॅमेरा कसा धरायचा, माइक कुठे लावायचा, सगळं दीड तास शिकवत बसला. त्या गेल्यावर वाट ओलांडून माझ्याकडे आला.

“का पाठवलंत?”

“त्यांना नवऱ्याचा आवाज हवा होता. आमच्यात तो डब्यातून आल्यासारखा येतो.”

“तुमच्या कंपनीला कळलं तर?”

“तुम्ही सांगणार आहात?”

तो नुसता बघत राहिला. एवढा वेळ कुणी माझ्याकडे बघितलं नव्हतं.

आठवड्याने त्याने परतफेड केली. उएजिमा नावाचे एक आजोबा आले होते, काहोकु खाजणात उतरणाऱ्या हंसांचे फोटो काढायचं वेड असलेले. त्यांना त्याने सरळ माझ्याकडे वळवलं. “हंस ना? शेजारीणबाईंकडे जा. पांढऱ्यातला पांढरा त्यांनाच कळतो.” तेव्हापासून आमचं हे सुरूच झालं. लग्नाचं चित्रण, नातवाची नाटकं, तिकडे. पक्षी, देवळं, आजीचा चेहरा, इकडे. आणि संध्याकाळी सात वाजता, जाकिटं उतरवली की, बस येईपर्यंत थांब्याच्या छपराखाली दहा मिनिटं. कोपऱ्यावरून आणलेलं ओदेन, गरम रश्शात शिजलेले मुळा आणि अंडी, एकाच कागदी वाटीत. त्यातला मुळा कायम मला.

“मुळा तुम्हाला आवडत नाही का?” मी एकदा विचारलं.

“खूप आवडतो.”

“मग?”

“मग काय...” तो रस्त्याकडे बघत म्हणाला. “खा गपचूप.”

सुख म्हणावं असं तेवढंच होतं. दहा मिनिटांचं आणि ओल्या बुटांतलं. पण माझं होतं ते.

जानेवारीत बर्फ पडला, आणि त्याच आठवड्यात आमच्या मजल्याचे प्रमुख निवासान यांनी आम्हा दोघांना माल ठेवायच्या खोलीत बोलावलं. भला माणूस. पोटाच्या औषधाची पुडी हातातच होती.

“एप्रिलपासून कॅमेऱ्याची जागा निम्मी होणार,” ते म्हणाले. “उरलेल्या जागेत भात शिजवायची भांडी येतायत. माणूस एकाच कंपनीचा ठेवायचा, असं वरून आलंय. फेब्रुवारीअखेर ज्याची विक्री जास्त, तो राहील. मला वाईट वाटतं हो...”

पुढचं त्यांनी सांगायची गरज नव्हती. हिरामात्सुसान कायमचा नोकर, त्याची बदली होणार. माझा करार वर्षावर्षाचा, माझं काम सुटणार. कानाझावात दुसरं काउंटर नाही. आणि असानो नदीच्या काठी, शुश्रूषागृहाच्या दुसऱ्या मजल्यावर माझी आई होती, दर मंगळवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, माझी वाट बघत खिडकीत येऊन बसणारी. तिला सोडून मी कुठे जाणार होते? हे सगळं मी त्याला ओदेन खाताना सांगून बसले होते. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

त्या संध्याकाळी आम्ही ओदेन आणलं नाही.

मी घरी जाऊन ठरवलं – ह्याला हरू द्यायचं नाही. नऊ वर्षांची नोकरी, चांगला माणूस. आपण काय, कुठेतरी भाजीच्या दुकानात उभ्या राहू. दुसऱ्या दिवसापासून येईल त्याला मी म्हणायला लागले, “शेजाऱ्यांकडे बघा ना एकदा.” पक्ष्यांवाले, देवळांवाले, सगळे तिकडे! आणि चमत्कार असा की माझ्याकडेही गिऱ्हाईक आटेना. लग्नाच्या चित्रणवालेसुद्धा माझ्यापुढे येऊन उभे.

शेवटी उएजिमाआजोबांनीच आमचं बिंग फोडलं. त्यांना हंसांसाठी दुसरा कॅमेरा हवा होता. मी म्हटलं, आजोबा, यावेळी शेजाऱ्यांचा घ्या. ते तिकडे गेले. पाच मिनिटांत परत. “तो म्हणतो तुझाच घ्या.” मी परत पाठवलं. तो परत. तिसऱ्या खेपेला म्हातारा वाटेच्या मधोमध थांबला, टोपी काढली आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असा ओरडला –

“तुम्हा दोघांना कॅमेरे विकायचेत की एकमेकांना नवरा-बायको करायचंय? काय ते एकदा ठरवा आणि मला मोकळं करा!”

टीव्हीच्या विभागातले लोक हसले. निवासान औषधाची पुडी शोधायला लागले. मी कानापर्यंत तापले. आणि समोर बघितलं तर तोही लालबुंद.

सात वाजता थांब्यावर आम्ही भांडलो. बर्फाचा चिखल झाला होता.

“तुम्ही मुद्दाम पाठवत होतात!”

“आणि तुम्ही काय करत होतात?”

“माझं मी बघून घेईन!”

“आईचं कोण बघेल?” तो पहिल्यांदाच आवाज चढवून बोलला. मग लगेच उतरला. “मला कुठेही पाठवतील, ओकुनोसान. मला कुठेही राहता येतं. तुम्हाला नाही.”

“मला कुणाची भीक नको,” मी म्हटलं. रडू येत होतं म्हणून जास्तच जोरात म्हटलं. “लढून जिंकले तर राहीन. तुम्ही सोडलेलं मला नकोय. आजपासून आपापलं गिऱ्हाईक आपापल्याकडे. शब्द द्या.”

 त्याने करंगळी पुढे केली, लहान मुलं करतात तशी. मी हातमोजा काढला. त्याची करंगळी गार पडली होती. आम्ही अडकवल्या आणि बस येईपर्यंत सोडल्या नाहीत.

मी शब्द पाळला. सांगायला लाज वाटते, पण मनापासून पाळला, कारण मला जिंकायचं होतं. फेब्रुवारीभर मी जीव तोडून विकलं. तो समोर आपल्या जागी उभा असायचा, शांत, काच पुसत. दुपारी मी जेवून आले की नेहमीसारखा निघून जायचा. सूप मिळायचं अजून. पण बोलणं कमी झालं होतं. मला वाटलं, हरतोय म्हणून गप्प असेल.

एक गोष्ट मला त्या महिन्यात नवलाची वाटायची. लोक फार शहाणे झाल्यासारखे वाटत होते. नवखी माणसं यायची, ‘हाच द्या’ म्हणायची, आणि हातात कॅमेरा दिला की लेन्स न सांगता डावीकडे फिरवायची. खट्. मी आपली खूश! म्हटलं, आमचं नाव झालं वाटतं गावात.

मार्चच्या दोन तारखेला निवासाननी निकाल सांगितला. मी जिंकले होते. थोडक्यात, पण जिंकले. हिरामात्सुसान कमरेत वाकून म्हणाला, “अभिनंदन, शेजारीणबाई.” त्याची बदली कागोशिमाला झाली, पार दक्षिणेच्या टोकाला. निदान तीन वर्षांसाठी.

“तिथे ज्वालामुखीची राख पडते म्हणे,” मी कसंबसं म्हटलं.

“म्हणजे छत्री तिथेही लागणार,” तो म्हणाला. एक डोळा जास्त मिटला.

त्याचा कानाझावातला शेवटचा दिवस होता रविवार. जाकीट आदल्या दिवशीच परत दिलं होतं त्याने. त्यामुळे दुपारी साधा राखाडी कोट घातलेला माणूस माझ्या काउंटरपुढे येऊन उभा राहिला तेव्हा मी खाली बघूनच म्हटलं, “या, या. काय दाखवू?”

“लेन्स हवी होती एक.”

मी वर बघितलं.

“आज गिऱ्हाईक म्हणून आलोय,” तो म्हणाला. “फोटो काढायचेत. एकच माणूस आहे. नीट उभं राहत नाही, सारखं तोंड फिरवतं, बॅटऱ्या मोजत बसतं. कुठली घेऊ?”

“असल्या माणसाला कुठलीच लेन्स उपयोगाची नाही,” मी म्हटलं.  “कॅमेरा कुठला आहे तुमचा?”

त्याने पिशवीतून कॅमेरा काढला. आमचा होता. जुना, दुसऱ्याकडून घेतलेला, कोपऱ्यांवरचा रंग उडालेला. मी मुकाट्याने लेन्स पुढे ठेवली. त्याने ती उचलली – माझ्याकडे बघत, खाली एकदाही न बघता – आणि फिरवली.

डावीकडे. खट्.

मी त्या हाताकडे बघत राहिले. नऊ वर्षांचा हात असा आपोआप वळत नाही. रोज वळवावा लागतो, शंभरदा. आणि मग मला ती सगळी फेब्रुवारीतली शहाणी माणसं आठवली... न सांगता डावीकडे फिरवणारी.

“जेवायच्या सुट्टीत कुठे जायचात तुम्ही?” मी विचारलं.

“दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात बाक आहे ना... लोक चढताना दमतात, टेकतात. तिथे.”

“हा घेऊन?”

“जाकीट काढून ठेवायचो,” तो म्हणाला. जणू त्याने गुन्हा कमी होत होता.

“जेवत नव्हतात महिनाभर?”

“संत्री होती की.”

“शब्द मोडलात तुम्ही.”

“हो.”

“करंगळी दिली होतीत!”

“हो,” तो म्हणाला. “जन्मात तेवढा एकच शब्द मोडला. रागवा हवं तर. पण मंगळवार चुकवू नका.”

मला काउंटरच्या खाली बसून रडावंसं वाटलं. पण मजल्यावर माणसं होती, आणि अंगात हिरवं जाकीट होतं. मी काचेवर दोन्ही हात दाबून उभी राहिले. कसलं जिंकले होते मी! एक माणूस जिन्यात उपाशी बसून माझा विजय रचत होता आणि मी समोरून त्याला हरवत होते.

“वाट बघा, असं मी म्हणणार नाही,” तो कॅमेऱ्याशी चाळा करत म्हणाला. “तीन वर्षं म्हणजे... आणि पुढे कुठे पाठवतील, माहीत नाही. एक फोटो मात्र काढू द्या. नीट उभ्या राहा.”

त्याने कॅमेरा डोळ्याला लावला.

“थांबा,” मी म्हटलं. “फोटो नको. व्हिडिओ लावा.”

“तुमच्या कंपनीच्या कॅमेऱ्याने? आवाज डब्यातून आल्यासारखा येतो, असं तुम्हीच...”

“येऊ दे डब्यातून.”

त्याने बटण दाबलं. छोटा लाल दिवा लागला. चार महिने मी त्याला शेजारी म्हणत आले होते, नाही तर हिरामात्सुसान. त्याचं नाव मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, जाकिटावरच्या पट्टीवर लिहिलेलं असायचं.

“रेन्जी,” मी म्हटलं. “मला तू फार आवडतोस. जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही, तेवढी सोय तू ठेवली नाहीस. पण आवडतोस. ऐकू येतंय ना नीट?”

कॅमेरा त्याच्या डोळ्यावरून खाली आलाच नाही. त्याच्याआडून त्याने नुसती मान हलवली.  ते चित्र हललेलंच आलं असणार.

“चिगुसा,” त्यानेही माझं नाव घेतलं. मग लाल दिवा विझला, लेन्सची पावती झाली, आणि दोघेही रीतीप्रमाणे कमरेत वाकलो, गिऱ्हाईक आणि विकणारी.

चारची गाडी होती त्याची. मी मजला सोडू शकले नाही. आता दुसरं कुणी नव्हतं उभं राहायला.

एप्रिल लागला तरी आमचं आभाळ काही उघडलं नाही. मंगळवारी आई खिडकीत येऊन बसते, मी तिच्यासाठी संत्री नेते. समोरच्या काउंटरवरची कॅमेऱ्यांची आरास काढून नेली, भांडी अजून यायची आहेत, तोवर वरून राखाडी कापड घातलंय. काल एक नवं जोडपं आलं. पोटुशी होती ती. बाळाचं रडणं, पहिले बोल, सगळं साठवायचं म्हणत होती. मी तोंडभर हसले आणि हात वाटेपलीकडे केला.

“व्हिडिओ ना? मग शेजाऱ्यांकडे...”

दोघांनी वळून त्या कापडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी हात खाली घेतला आणि त्यांना आमचाच दाखवायला लागले.